मेमलॉकची मर्यादा वाढवली, लॉगआउट-लॉगइन केलं, तरी जुनाच आकडा

पंचवटीकर
शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण मी घरच्या लॅपटॉपवर करतो. जुना लॅपटॉप, ८ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, त्यावर उबंटू २०.०४. मुद्रणाला आर्डोर हा प्रोग्रॅम, त्याच्याखाली ध्वनी इकडून तिकडे पोचवणारा जॅक. पखवाज, टाळ, पेटी आणि तीन गळे मिळून आठ ट्रॅक होतात.

गेल्या एकादशीला इथंच पंचवटीत, देवळाच्या सभामंडपात मांडणी केली होती. पहिले तीन अभंग स्वच्छ आले. चौथ्याला बुवांनी वरच्या षड्जावर सूर लावला आणि नेमका तिथं 'टक्' असा आवाज मुद्रणात उमटला. त्या एका अभंगात असं अकरा वेळा झालं. जॅकच्या नोंदीत अकरा एक्सरन, म्हणजे ध्वनी वेळेत न पोचल्याच्या खुणा, आहेत. बुवा ७८ वर्षांचे आहेत, दम लागतो. त्यांना 'पुन्हा एकदा म्हणा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आर्डोर उघडताना एक सूचना येते. लॉक करता येणाऱ्या मेमरीवर मर्यादा आहे, ती 'युलिमिट -एल'ने बघा आणि बहुधा लिमिट्स.कॉन्फमध्ये ती ठरते, असा तिचा मतलब. बघितलं तर ६५५३६. मग /इटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.डी/ मध्ये '९५-भजन.कॉन्फ' ही फाइल केली आणि त्यात दोन ओळी लिहिल्या:

@ऑडिओ - आरटीप्रायो ९५
@ऑडिओ - मेमलॉक अनलिमिटेड

स्वतःला ऑडिओ गटात घातलं, लॉगआउट करून परत आलो. तरी ६५५३६. आज दिवसभर हेच चाललंय. कुठं चुकतंय?

(कमांडा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टंकायच्या.)


देवळालीकर
शनिवार, रात्री ११:२५

पंचवटीकर, फाइलच्या ओळी बरोबर आहेत. चूक शोधण्याआधी ही मर्यादा कशावर आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं शोधणं सोपं जाईल.

रॅम कमी पडायला लागली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीची बराच वेळ न वापरलेली पानं स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर नेऊन ठेवतो. एक पान ४०९६ बाइटचं. प्रोग्रॅमनं त्या पानाला पुन्हा हात लावला की ते डिस्कवरून परत आणावं लागतं आणि तेवढा वेळ प्रोग्रॅम थांबतो. 'एमलॉक' आणि 'एमलॉकऑल' या सिस्टिम कॉलनी प्रोग्रॅम कर्नलला सांगतो की ही पानं रॅममधून हलवायची नाहीत.

आता तुमचा हिशेब बघा. जॅकचा बफर किती फ्रेमचा ठेवलाय ते लिहिलं नाहीत, पण १२८ असेल तर ४८,००० हर्ट्झला तो सुमारे २.७ मिलिसेकंदांत भरतो. फिरत्या डिस्कचं डोकं जागेवर जायलाच साधारण १० मिलिसेकंद लागतात. ध्वनीचं काम करणाऱ्या धाग्याला (थ्रेडला) एक पान जरी डिस्कवरून आणावं लागलं, तरी तीन-चार बफर हातचे जातात. तोच तुमचा 'टक्'.

कर्नल २.६.९ च्या आधी मेमरी लॉक करायचा अधिकार फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या मुख्य प्रशासकाला होता. साध्या वापरकर्त्याला तो त्या आवृत्तीपासून मिळाला, तोही मर्यादेपुरता. मी त्या काळात नोकरीत होतो. जीएनयूपीजी चालवलं की 'असुरक्षित मेमरी वापरतोय' असा इशारा यायचा, कारण परवलीचा शब्द स्वॅपमध्ये जाऊन डिस्कवर राहू नये म्हणून त्याला थोडी मेमरी लॉक करायची असायची आणि परवानगी नसायची. लोक त्यासाठी तो अख्खा प्रोग्रॅम रूटच्या हक्कानं चालवायचे. एका छोट्या कामासाठी केवढी मोठी किल्ली हातात द्यायची! ही मर्यादा आली ती त्या किल्लीऐवजी, म्हणून मला तिच्याबद्दल आदर आहे. आडकाठी म्हणून तिच्याकडे बघू नका.


द्राक्षबाग
रविवार, सकाळी ७:१०

काका, फार छान समजावलंत. मलाही हाच त्रास आहे, वेगळ्या कामात. दिंडोरीला आमची बाग आहे. डावणी आणि भुरीच्या आमच्या १२ वर्षांच्या फवारणीच्या वह्या मी टंकून काढल्यात, आणि त्यावर प्रश्न विचारायला लॅपटॉपवरच एक भाषा-मॉडेल लामा.सीपीपीने चालवतो. बागेत नेट नसतं, म्हणून घरचंच बरं. मॉडेलची फाइल साधारण साडेचार जीबीची, रॅम १६. '--एमलॉक' दिलं की एमलॉक जमलं नाही, मर्यादा वाढवा, असं म्हणतो.

माझ्याकडे युलिमिट -एल ८१९२ दाखवतं. पंचवटीकरांकडे ६५५३६. कॉलेजच्या जुन्या सर्व्हरवर चक्क ६४. हा काय प्रकार आहे?


सर्व्हररूम
रविवार, सकाळी ९:३०

मी गंगापूर रोडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते, ६० यंत्रं आहेत. हा प्रश्न दर सत्रात येतो.

युलिमिट -एल किलोबाइटमध्ये बोलतं. ६४ म्हणजे ६४ केबी, अनेक वर्षं कर्नलची ठरलेली मर्यादा हीच होती. ५.१६ पासून ती ८ एमबी झाली, तेच तुझे ८१९२. ६५५३६ म्हणजे ६४ एमबी, ती सिस्टमडीने, म्हणजे यंत्रावरच्या सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने वाढवून दिलेली. आणि /प्रॉक/सेल्फ/लिमिट्स उघडलंस तर 'मॅक्स लॉक्ड मेमरी'समोर हीच मर्यादा बाइटमध्ये दिसेल. तिथं ६७१०८८६४ वाचून मुलं धावत येतात की मॅडम, मर्यादा हजारपट झाली. झालेली काही नसते.

लिमिट्स.कॉन्फमध्येही आकडा केबीतच लिहायचा, नुसता, पुढं एम किंवा जी न लावता. ५ जीबी हवे तर ५२४२८८०.

गटात घालताना एक जपा. 'युजरमॉड -एजी ऑडिओ' असं लिहायचं, त्यात छोटा ए हवाच. तो राहिला आणि नुसतं मोठं जी दिलं, तर त्या माणसाचे बाकीचे सगळे जोडगट पुसले जातात, सुडोसकट, म्हणजे प्रशासकाचे हक्कही जातात. आमच्याकडे एका मुलानं परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हे केलं. रिकव्हरीमध्ये जाऊन रूटच्या शेलमधून त्याला सुडो परत दिलं, तोवर रात्रीचे आठ वाजले होते.


सातपूर_शिफ्ट
रविवार, दुपारी १:१५

पंचवटीकर, तुमचा आकडा का बदलत नाही त्यावर येतो.

लिमिट्स.कॉन्फ ही फाइल कर्नल वाचत नाही. ती वाचतं पॅम-लिमिट्स नावाचं मॉड्यूल, आणि तेही माणूस दारातून आत येताना, म्हणजे लॉगइनच्या क्षणी. तेव्हा जी मर्यादा अंगाला लागली ती पुढं प्रत्येक पोराला, म्हणजे त्यातून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला, वारशानं मिळते. फाइल नंतर कितीही बदला, आधी आत आलेल्यांना फरक पडत नाही. त्यामुळे फाइलमध्ये काय लिहिलंय याच्याइतकंच प्रोसेस कुठल्या दारानं आली तेही विचारायचं.

लिनक्सला दारं पुष्कळ आहेत. पडद्यावरचं लॉगइन, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ वालं अक्षरी लॉगइन, एसएसएच (तिथं 'यूजपॅम यस' हवं), एसयू, क्रॉन. प्रत्येकाची /इटीसी/पॅम.डी/ मध्ये आपापली फाइल आहे आणि त्यात पॅम-लिमिट्सची ओळ असेल तरच तपासणी होते. सिस्टमडीने सुरू केलेली सर्व्हिस तर यातल्या कुठल्याच दारानं येत नाही.

ते मी स्वतः भोगलंय. कारखान्यात एका मशीनची कंपनं दर मिलिसेकंदाला वाचणारा प्रोग्रॅम होता, सर्व्हिस म्हणून साध्या वापरकर्त्याच्या नावानं चालायचा. लिमिट्स.कॉन्फमध्ये त्या वापरकर्त्याला अनलिमिटेड देऊनही एमलॉकऑल नापास होत होतं. दोन रात्रपाळ्या गेल्या. उत्तर युनिट फाइलमधली एक ओळ होती, 'लिमिटमेमलॉक=इन्फिनिटी'. मग डीमन-रीलोड, सर्व्हिस रीस्टार्ट, आणि 'सिस्टमसीटीएल शो -पी लिमिटमेमलॉक'ने खात्री. तिथं मात्र के, एम, जी अक्षरं चालतात, नुसता आकडा दिला तर तो बाइट धरला जातो. दोन फाइली, दोन एककं. सर्व्हररूम ताई सांगतायत ती काळजी इथं दुप्पट घ्या.

तुम्ही दोन गोष्टी करून बघा. आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून तिथं लॉगइन करा, 'आयडी' टंकून ऑडिओ गट दिसतो का बघा आणि युलिमिट -एल चालवा. मग पडद्यावर परत येऊन 'सिस्टमसीटीएल स्टेटस युजर@१०००.सर्व्हिस' मध्ये ती सर्व्हिस केव्हापासून चालू आहे ते वाचा.


पंचवटीकर
रविवार, रात्री ९:०५

दादा, बघितलं. एफ३ वर ऑडिओ गट दिसतो आणि मर्यादा अनलिमिटेड! पडद्यावरच्या टर्मिनलमध्ये तेच ६५५३६. आणि ती युजर@१००० सर्व्हिस १९ दिवसांपासून चालू आहे. मी तर काल तीनदा लॉगआउट केलं. लॅपटॉप बंद करत नाही, नुसता झाकतो, हे खरं.


सातपूर_शिफ्ट
रविवार, रात्री ९:४०

सापडलं मग. ग्नोमच्या हल्लीच्या आवृत्त्यांत डेस्कटॉप, टर्मिनलची खिडकी, चिन्हावर टिचकी मारून उघडलेला आर्डोर, हे सगळं तुमच्या नावानं चालणाऱ्या सिस्टमडीच्या पोटातून जन्माला येतं. एरवी तुमचं शेवटचं सत्र संपलं की तो सिस्टमडीही संपतो आणि पुढच्या लॉगइनला नवा येतो. तुमचा १९ दिवस जिवंत आहे, म्हणजे कुणीतरी त्याला धरून ठेवलंय. कुठं एसएसएचचं सत्र उघडं आहे का? किंवा लॉगआउटनंतरही तो चालू राहावा म्हणून कधी 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर' दिलं होतंत?


पंचवटीकर
रविवार, रात्री १०:००

दिलं होतं! मुद्रणाच्या फाइली धाकट्या भावाच्या संगणकावर आपोआप जाव्यात म्हणून सिंकची सर्व्हिस लावली होती, त्या वेळी लिंगर चालू केलं. त्याचा याच्याशी संबंध असेल हे स्वप्नातही आलं नसतं.


देवळालीकर
रविवार, रात्री १०:२०

लिंगर राहू द्या, सिंकला ते लागतं. यंत्र एकदा पूर्ण रीस्टार्ट करा, नवा सिस्टमडी नव्या मर्यादेसह येईल. काही वितरणांत 'सिस्टमडी-युजर' या पॅम फाइलमध्ये लिमिट्सची ओळ नसते, तिथं रीस्टार्टनंही भागत नाही. तसं निघालं तर /इटीसी/सिस्टमडी/सिस्टम/युजर@.सर्व्हिस.डी/ मध्ये छोटी कॉन्फ फाइल करून तीच लिमिटमेमलॉकची ओळ द्यायची.


सर्व्हररूम
सोमवार, सकाळी ८:५०

मला एका गोष्टीवर ठाम बोलायचंय. या धाग्यात आतापर्यंत तीन वेळा 'अनलिमिटेड' आलं. पंचवटीकरांचा लॅपटॉप एकट्याचा आहे, तिथं एक वेळ ठीक. पण कुणी हे वाचून फाइलमध्ये तारांकित लिहील, '* - मेमलॉक अनलिमिटेड', आणि ते यंत्र दहा जणांचं असेल, तर कृपा करून तसं करू नका.

लॉक केलेलं पान कर्नलला हलवता येत नाही, स्वॅप कितीही मोठा असला तरी. एका प्रोग्रॅमनं रॅमचा मोठा हिस्सा असा अडवला की उरलेल्या जागेत बाकीचे सगळे चेंगरतात, आणि शेवटी मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा ओओएम किलर कुणाचा तरी बळी घेतो. आमच्याकडे हे झालं तेव्हा ज्या मुलीचा प्रोग्रॅम मारला गेला तिचा काडीचाही दोष नव्हता. तिचं तीन तासांचं गणित गेलं. मी त्या दिवशी सगळ्या यंत्रांवरची ती ओळ काढली.

आता आमच्याकडे 'रिअलटाइम' नावाचा वेगळा गट आहे. प्रकल्पाला गरज असेल त्यालाच त्यात घालते आणि ८ जीबीच्या यंत्रावर त्या गटाला २०९७१५२ देते, म्हणजे २ जीबी. पाइपवायर ही ध्वनीची नवी यंत्रणा हल्ली स्वतःची मर्यादेची जी फाइल देते त्यातही अनलिमिटेड नाही, पाइपवायर गटाला ४१९४३०४, म्हणजे ४ जीबी आहे. ध्वनीचं काम करणारेच इतकं हात राखून देतात, तर आपणही आकडा लिहावा.

दुसरं, एमलॉकसाठी ही मर्यादा माणसाला नसून त्याच्या प्रत्येक प्रोसेसला असते. २ जीबीची परवानगी असलेल्यानं पाच प्रोसेस चालवल्या तर १० जीबी मागता येतात. म्हणून सामाईक यंत्रावर नुसत्या लिमिट्स.कॉन्फवर विसंबू नका. सिस्टमडीच्या 'युजर-.स्लाइस'ला 'मेमरीमॅक्स' द्या, म्हणजे त्या माणसाचा एकूण पसारा एका कुंपणात राहतो.

आणि उबंटू-डेबियनवर तारांकित किंवा गटाची ओळ रूटला लागू होत नाही. रूटला हवी असेल तर नावानं लिहावी लागते.


सातपूर_शिफ्ट
सोमवार, दुपारी ३:३०

ताईंना पूर्ण अनुमोदन. माझ्या सर्व्हिसचं इन्फिनिटी मी काढलंय, त्यामागचं कारण सी-सी++ लिहिणाऱ्यांच्या उपयोगाचं आहे.

एमलॉकऑलला 'एमसीएल-फ्यूचर' दिलं की पुढं मागितलेली प्रत्येक मेमरीही लॉक होते. त्यात नव्या धाग्यांचे स्टॅकही आले. सहसा एका धाग्याला ८ एमबी स्टॅक मिळतो, प्रत्यक्षात तो काही केबीच वापरतो आणि एरवी बाकीचं नुसतं कागदावर असतं. फ्यूचर दिल्यावर ते आठच्या आठ एमबी खरोखर रॅममध्ये बसतात. माझे २२ धागे होते, १७६ एमबी विनाकारण अडकले होते. पीथ्रेडच्या ॲट्रिब्यूटमध्ये स्टॅक २५६ केबी केला. ४.४ कर्नलपासून 'एमसीएल-ऑनफॉल्ट' आहे, ते जोडलं तर पान पहिल्यांदा वापरात आलं की मगच लॉक होतं. पण मग तो पहिला स्पर्श ऐन कामात होतो, म्हणून मिलिसेकंद मोजणाऱ्या कामात मी ते घेतलं नाही.

मर्यादा ५१२ एमबीची ठेवली. प्रोग्रॅम कधी गळायला लागला तर मेमरी मागताना तोच नापास होईल, शेजारची यंत्रणा घेऊन बुडणार नाही. प्रोसेसनं खरोखर किती लॉक केलंय ते /प्रॉक/ मधल्या तिच्या स्टेटस फाइलमध्ये 'व्हीएमएलसीके' या ओळीत दिसतं. आधी ते मोजा, त्यावर थोडी सूट धरा, तो आकडा फाइलमध्ये लिहा.


द्राक्षबाग
सोमवार, रात्री ८:१५

मी स्वतःच्या नावानं ६२९१४५६ लिहिलं, म्हणजे ६ जीबी, आणि यंत्र रीस्टार्ट केलं. आता एमलॉक लागतं. आधी ब्राउझर उघडून परत आलं की मॉडेल पहिल्या उत्तराला मिनिट-मिनिट घ्यायचं, आता लगेच सुरू होतं. बाबांनी आज छाटणीनंतरच्या पहिल्या फवारणीबद्दल विचारलं आणि २०१९ च्या वहीतली नोंद समोर आली. ते बराच वेळ ती वाचत बसले होते.

एक शंका. मी हेच डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवलं तर?


सातपूर_शिफ्ट
सोमवार, रात्री ८:४०

डॉकरचं दार वेगळं. कंटेनर तुझ्या शेलचा वारस नसतो, डॉकरच्या डीमनचा असतो. चालवताना '--युलिमिट मेमलॉक=' देऊन बाइटमध्ये आकडा द्यायचा, -१ दिलं तर अमर्याद. तू ६४४२४५०९४४ दे.


देवळालीकर
सोमवार, रात्री ९:३०

पंचवटीकर, मर्यादेचं सुटलं तरी बफरचा विचार करा. तुमचे गायक हेडफोनमध्ये आवाज ऐकतात तो थेट ऑडिओ इंटरफेसमधून येत असेल, तर १२८ फ्रेमचा हट्ट कशाला? १०२४ केला तर यंत्राला सुमारे २१ मिलिसेकंद मिळतात. मुद्रणाच्या गुणवत्तेत काही उणं येत नाही, उशीर फक्त संगणकातून फिरून येणाऱ्या आवाजाला होतो. मेमलॉक लागतंच, कारण तुमच्या डिस्कपुढं २१ मिलिसेकंदही पुरतील याची हमी नाही.


पंचवटीकर
गुरुवार, रात्री ११:४०

उशिरा लिहितोय, पण सगळं करून आणि वापरून मगच लिहायचं ठरवलं होतं.

रीस्टार्टनंतर पडद्यावरच्या टर्मिनलमध्येही अनलिमिटेड दिसलं. ताईंचं वाचून ते काढलं. आठ ट्रॅक उघडून आर्डोरचं व्हीएमएलसीके बघितलं, ते ७०० एमबीच्या आत होतं. म्हणून मेमलॉक १५७२८६४ लिहिलं, म्हणजे दीड जीबी. बफर १०२४ केला, कारण काका म्हणाले तसंच आहे, आमचा हेडफोन इंटरफेसलाच जोडलेला असतो.

आज संध्याकाळी बुवा पुन्हा बसले. मी मागितलं नव्हतं, त्यांनीच निरोप पाठवला की चौथा अभंग राहिलाय. सभामंडपात पंखे बंद ठेवले, बाहेर गोदेवर आरती संपेपर्यंत थांबलो आणि मग सुरू केलं. २३ मिनिटं, एकही एक्सरन नाही. वरचा षड्ज जसाच्या तसा आला, मागं टाळाची किणकिणसुद्धा ऐकू येते.

सातपूर दादा, काका, ताई, मनापासून आभार. बुवांना सांगितलं की चार माणसं यामागं बसली होती. त्यांनी तुम्हा सगळ्यांना रामकृष्णहरी कळवलंय.


टाळकरी
शुक्रवार, सकाळी ६:५५

धागा वाचून माझा लॅपटॉप तपासला. लिमिट्स.डी मध्ये 'ऑडिओ.कॉन्फ.डिसेबल्ड' अशी फाइल आधीपासूनच आहे, मी केलेली नाही. ही काय?


सर्व्हररूम
शुक्रवार, सकाळी ९:१०

जॅक बसवताना रिअलटाइम प्राधान्य द्यायचं का असा प्रश्न आला असेल, तुम्ही 'नाही' म्हटलं असेल. त्या फोल्डरमधल्या ज्या फाइलींचं नाव .कॉन्फने संपतं तेवढ्याच वाचल्या जातात, म्हणून ही निजलेली आहे. 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर -पी हाय जॅकडी२' चालवून 'हो' म्हणा, स्वतःला ऑडिओ गटात घाला (छोटा ए विसरू नका) आणि रीस्टार्ट करा. त्या फाइलमध्ये मेमलॉकपुढं अनलिमिटेड लिहिलेलं असेल, तिथं आपला मोजलेला आकडा घाला.